जपानी पत्त्यातलं शि, कु, केन, माचि म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तोक्योच्या एदोगावा-कु मध्ये राहते आणि पुण्याहून, ठाण्याहून, नागपूरहून इकडे नोकरीला किंवा शिकायला येणारी मुलं-मुली जे प्रश्न विचारतात ते जवळपास तेच तेच असतात, म्हणून सगळे एकदाच नीट लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, जपानी गावाच्या नावामागे जी छोटीशी शेपटी लागते ना, शि, कु, केन वगैरे, ती शोभेची नाहीये, निम्मी माहिती तिच्यातच असते. ती वाचायला शिकलात की पत्ता, फॉर्म, ट्रेनमधल्या बातम्या, सगळं एकदम सोपं होतं.

आपल्याकडे पण नावामागे पूर, गाव, वाडी, नगर असतंच की, मग यात वेगळं काय?

चांगला प्रश्न आहे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आपलं पूर किंवा वाडी हे नावाचाच भाग असतं, त्यावरून तिथे महानगरपालिका आहे की ग्रामपंचायत ते कळत नाही. नागपूरही पूर आणि आडबाजूचं एखादं खेडंही पूर. जपानमध्ये शेवटचं अक्षर दर्जा सांगतं, म्हणजे समजा आपण रोजच्या पत्त्यात "सातारा-नगरपालिका", "पुणे-महानगरपालिका" असं लिहिलं असतं तर कसं, तसं. ओकायामा-केन म्हटलं की अख्खा प्रांत, ओकायामा-शि म्हटलं की त्यातलं फक्त शहर. नुसतं "ओकायामा" म्हटलं तर समोरचा विचारणारच की कुठलं.

तो, दो, फु, केन हे चार वेगवेगळे का? कुठला मोठा?

हे चौघे एकाच पायरीवर आहेत, देशाच्या खालची पहिली पायरी. एकूण 47 आहेत. त्यात तो एकच, तोक्यो. दो एकच, होक्काइदो. फु दोन, क्योतो आणि ओसाका. उरलेले 43 केन. जपानी लोक सगळ्यांना मिळून तो-दो-फु-केन असंच म्हणतात, एका दमात.

वेगळेपण आहे ते इतिहासामुळे. 1871 मध्ये मेइजी सरकारने जुन्या सरदारांच्या जहागिऱ्या म्हणजे हान बरखास्त केल्या आणि त्यांच्या जागी केन आणले. सुरुवातीला तीनशेच्या वर केन होते, मग जोडत तोडत 1888 पर्यंत आकडा आजच्या जवळ आला. फु हा मान तीनच मोठ्या शहरांना होता, तोक्यो, क्योतो, ओसाका. नंतर 1 जुलै 1943 ला, युद्ध चालू असताना, तोक्यो-फु आणि तोक्यो-शि दोन्ही मोडून एकच तोक्यो-तो केलं गेलं. म्हणून आज "तोक्यो शहर" नावाची महापालिका अस्तित्वातच नाही! हे ऐकून प्रत्येक जण दचकतो, मी पण दचकले होते.

दो म्हणजे रस्ता, ज्युदो-केंदो मधला दो तोच. जुन्या काळी देशाचे मोठे पट्टे रस्त्यांच्या नावाने ओळखले जायचे, तोकाइदो म्हणजे पूर्व समुद्राचा रस्ता, त्याच धर्तीवर 1869 मध्ये उत्तरेच्या बेटाला होक्काइदो नाव दिलं. त्यामुळे दो नावातच चिकटलेला आहे. ओसाका-फु मधला फु काढून नुसतं ओसाका म्हणता येतं, पण होक्काइदो मधला दो काढून कोणी "होक्काई" म्हणत नाही.

मग केन म्हणजे आपला जिल्हा की राज्य?

दोन्ही नाही, आणि कृपा करून दोन्हीपैकी एक ठरवून टाकू नका. आकाराने बघाल तर जिल्हा वाटेल. सगळ्यात मोठा केन म्हणजे इवाते, साधारण 15,275 चौरस किलोमीटर, आपला पुणे जिल्हा त्याहून थोडा मोठाच आहे. सगळ्यात छोटा कागावा, 1,900 चौरस किलोमीटरच्या आत. (होक्काइदो मात्र 83,000 च्या वर, त्याचं सगळंच वेगळं.) पण कारभाराने बघाल तर राज्याकडे झुकतो, कारण केनची स्वतःची विधानसभेसारखी सभा असते आणि गव्हर्नर म्हणजे चिजी लोक थेट मतदान करून निवडतात, 1947 पासून. त्याच्या आधी गव्हर्नर वरून नेमलेला यायचा, आपल्या कलेक्टरसारखा. तरी राज्य म्हणायचं नाही, कारण जपान संघराज्य नाहीये आणि केनला आपल्या राज्यांसारखे संविधानाने वाटून दिलेले अधिकार नाहीत. मी मराठीत बोलताना केनच म्हणते.

चिनी शिकलेल्यांसाठी एक सूचना, तीच अक्षरं चीनमध्ये उलट्या क्रमाने चालतात, तिथे केनवालं अक्षर लहान आणि शिवालं मोठं. जपानमध्ये केन मोठा, शि त्याच्या पोटात.

शि, माचि, मुरा यातला फरक लोकसंख्येचा का?

मुख्यतः हो. शि व्हायला साधारण 50,000 लोकवस्ती लागते, शिवाय दाट वस्ती, दुकानं-कारखान्यांवर जगणारी माणसं वगैरे अटी असतात. माचि म्हणजे छोटं गाव किंवा टाउन, मुरा म्हणजे खेडं. सध्या देशात 792 शि, 743 माचि आणि 183 मुरा आहेत. आपली महानगरपालिका-नगरपरिषद-ग्रामपंचायत ही उतरंड डोळ्यासमोर ठेवलीत तर अंदाज येईल, फक्त एवढं लक्षात ठेवा की जपानमध्ये अनेक गावं मिळून बनलेली एक पालिका असते, म्हणजे एका मुराच्या हद्दीत दहा वाड्या आणि चार डोंगर सहज येतात.

पण एकदा शि झालं की लोक कमी झाले म्हणून दर्जा काढून घेत नाहीत. होक्काइदोमधलं उताशिनाई हे कोळशाच्या खाणींमुळे वाढलेलं गाव 1958 मध्ये शि झालं, खाणी गेल्या, लोक गेले, आज तीन हजार माणसंही नाहीत तरी ते शि आहे. आणि उलट बाजूला इवाते मधलं ताकिझावा, 50,000 च्या वर लोक होऊनही कितीतरी वर्षं मुराच राहिलं, 2014 मध्ये एकदम शि झालं, मधली माचिची पायरी गाळूनच. योकोहामा-शि मध्ये 37 लाखाच्या वर लोक आणि उताशिनाई-शि मध्ये तीन हजाराच्या आत, शेपटी मात्र एकच. म्हणून शि म्हटलं की मॉल आणि मेट्रो असं समजून घर बघायला जाऊ नका.

शिचं अक्षर बाजारासाठी पण वापरतात ना?

हो! आणि मला ही सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. शहरासाठीचं शि आणि बाजारासाठीचं इचि, अक्षर एकच, उच्चार दोन. मिए-केन मध्ये योक्काइचि नावाचं शहर आहे, नावाचा अर्थ चौथ्या दिवसाचा बाजार, कारण तिथे चार तारखेला, मग चौदा आणि चोवीसला बाजार भरायचा. आता ते शहर आहे म्हणून पुढे शि पण लागतो, योक्काइचि-शि, आणि लिहिताना तेच अक्षर दोनदा लागोपाठ येतं, एकदा बाजार म्हणून आणि एकदा शहर म्हणून. हिरोशिमाजवळ हात्सुकाइचि आहे, ते विसाव्या दिवसाचं. आपल्या बुधवार पेठ, शनिवार पेठ वाल्यांना हे समजवायलाच लागत नाही, बाजाराच्या वारावरून वस्तीचं नाव पडणं आपल्या अंगवळणी आहे. जपानने वाराऐवजी तारीख धरली एवढंच.

कु दोन प्रकारचे असतात म्हणतात, ते काय?

हे नीट वाचा कारण फॉर्म भरताना उपयोगी पडतं. पहिला प्रकार तोक्योचे 23 कु, शिंजुकु-कु, मिनातो-कु, आमचा एदोगावा-कु. यांना खास कु म्हणतात आणि हे जवळजवळ स्वतंत्र महापालिकाच आहेत, स्वतःचा महापौर, स्वतःची निवडून आलेली सभा. 2019 मध्ये महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले ते याच एदोगावा-कु च्या सभेवर, इथल्या निशि-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्या वेळी घरून फोन आले की "तोक्योचा नगरसेवक झाला म्हणे", तर तोक्योचा नाही, एदोगावाचा, आणि तो फरक खरा आहे.

दुसरा प्रकार मोठ्या शहरांच्या पोटातले कु, योकोहामाचा नाका-कु, ओसाकाचा किता-कु, हे म्हणजे आपले महापालिकेचे वॉर्ड ऑफिस. ऑफिस आहे, दाखले मिळतात, पण स्वतःचा निवडून आलेला महापौर आणि सभा नाही. असे कु पाडायचा अधिकार फक्त सरकारने नेमलेल्या मोठ्या शहरांना असतो, त्यांना सेइरेइ शितेइ तोशि म्हणतात. कायद्यात अट पाच लाख लोकवस्तीची आहे, 1956 मध्ये पाच शहरांपासून सुरुवात झाली आणि आता 20 आहेत, शेवटचं कुमामोतो 2012 मध्ये.

या कुंची नावं दिशांवरून असतात म्हणून ती ठिकठिकाणी रिपीट होतात. किता उत्तर, मिनामि दक्षिण, हिगाशि पूर्व, निशि पश्चिम, चुओ म्हणजे मध्य. चुओ-कु तोक्योत आहे, ओसाकात आहे, कोबेत, साप्पोरोत, फुकुओकात पण आहे. आणि हे कु कायमचे पण नसतात, सुझुकी कंपनीचं मुख्य ऑफिस जिथे आहे त्या हामामात्सु-शि मध्ये सात कु होते, 1 जानेवारी 2024 पासून तीनच आहेत.

ऑफर लेटरमध्ये ऑफिस कावासाकी-शि आहे पण कंपनी म्हणते तोक्यो. ताई, मी तोक्योत राहणार का?

कागदोपत्री नाही. कावासाकी-शि कानागावा-केन मध्ये आहे, तामागावा नदीच्या पलीकडे, ट्रेनने पूल ओलांडला की केन बदलतो. तुमचा पत्ता होईल कानागावा-केन, कावासाकी-शि, मग कु (त्यात एक कावासाकी-कु पण आहे, म्हणजे पत्त्यात कावासाकी दोनदा, ती चूक समजू नका). बोलताना लोक तोक्यो म्हणतात कारण सगळा पट्टा सलग वस्तीचा आहे, कल्याणचा माणूस मुंबईबाहेर गेला की "मुंबईचा" म्हणतो तसंच. नारिता विमानतळ पण तोक्योत नाही, चिबा-केन मधल्या नारिता-शि मध्ये आहे आणि तोक्योच्या नावाचं डिस्नेलँड सुद्धा चिबा-केनच, उरायासु-शि.

उलटंही आहे. समुद्रात हजार किलोमीटर दक्षिणेला असलेली ओगासावारा बेटं तोक्यो-तो मध्येच येतात आणि त्यांचा दर्जा आहे मुरा, म्हणजे खेडं. तोक्यो-तो मध्ये 23 कु, 26 शि, 5 माचि आणि 8 मुरा आहेत, हे सांगितलं की कोणाचा विश्वास बसत नाही पण तोक्योत खेडी आहेत.

गुन काय असतं? पत्त्यात दिसतं पण त्याचं ऑफिस सापडत नाही.

सापडणारच नाही, कारण नाहीये. गुन म्हणजे जुना तालुका म्हणा. 1920 च्या दशकात त्याचा कारभार बंद झाला, आता फक्त पत्त्यात उरलाय, आणि तो माचि-मुरांनाच लागतो, शिला लागत नाही. आपल्याला जवळचं उदाहरण देते. वाकायामा-केन मधल्या कोया पर्वतावरच्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. तिथला पत्ता असा, वाकायामा-केन, इतो-गुन, कोया-च्यो, कोयासान. प्रांत, तालुका, गाव, वस्ती. जाणार असाल तर इतो-गुनचं स्टेशन किंवा कचेरी शोधत बसू नका, काम असेल ते कोया-च्यो च्या कचेरीत, तिला याकुबा म्हणतात.

माचि की च्यो? मुरा की सोन? अक्षर एकच आहे मग कसं वाचायचं?

पाठच करायचं, दुसरा उपाय नाही. ढोबळ अंदाज एवढाच की पूर्वेकडे माचि जास्त आणि पश्चिमेकडे च्यो जास्त. होक्काइदोत सगळे च्यो, फक्त मोरि-माचि सोडून. ओकिनावात मुरा नसतात, सोन असतात, योमितान-सोन, ओन्ना-सोन.

आणखी एक गुंता म्हणजे शहराच्या आतल्या मोहल्ल्यांनाही हेच अक्षर लागतं. काबुकिच्यो, युराकुच्यो, ओतेमाचि हे स्वतंत्र टाउन नाहीत, कुच्या पोटातल्या वस्त्या आहेत, आपल्या आळ्या-पेठांसारख्या.

उच्चाराचं मराठी माणसाला एक सुख आहे. मी मुद्दाम च्यो लिहितेय कारण "चो" लिहिलं की आपण चोर मधला च वाचतो, इथे चार मधला च पाहिजे. आणि तो चोर-चूल मधला च वाया जात नाही, मिए-केनच्या राजधानीचं नाव त्सु आहे, ते बरोब्बर चूल मधल्या चू सारखं म्हणायचं, इंग्रजी बोलणाऱ्यांना ते जमवायला वेळ लागतो, आपल्याला घरातूनच येतं. त आणि द पण आपलेच, ट-ड नकोत.

नावाच्या शेवटी कु किंवा फु दिसलं की तो दर्जाच का?

नाही हो, इथे बरेच जण फसतात. शिंजुकु मधला कु वॉर्डाचा नाही, मूळ शब्द शिन-जुकु, नवा मुक्काम, प्रवाशांचं ठाणं. म्हणून शिंजुकु-कु असं दोनदा कु येतं. गिफु मधला फु वेगळंच अक्षर आहे, तो केन आहे, गिफु-केन. कोफु मध्ये अक्षर तेच पण दर्जा शि. क्योतो मधला तो म्हणजे राजधानी, तोक्यो-तो मधलं अक्षर तेच, पण क्योतोचा दर्जा फु. आणि नागासाकी-केन मध्ये ओमुरा-शि आहे, नावात मुरा, दर्जा शहराचा. नियम असा, अगदी शेवटचं अक्षर दर्जाचं, आधीची सगळी नावाची.

शेपटी गाळली तर खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. फुचु घ्या. तोक्योत फुचु-शि आहे. हिरोशिमा-केन मध्ये पण फुचु-शि आहे. आणि त्याच हिरोशिमा-केन मध्ये फुचु-च्यो सुद्धा आहे, चारी बाजूंनी हिरोशिमा-शिने वेढलेलं, माझदा गाड्यांच्या कंपनीचं मुख्य ऑफिस तिथे आहे आणि लोकवस्ती हिरोशिमा-केनच्याच फुचु-शिपेक्षा जास्त. हिरोशिमाचं फुचु म्हणून हॉटेल बुक केलंत तर केनच्या भलत्याच टोकाला पोचाल. दाते-शि पण दोन आहेत, एक होक्काइदोत, एक फुकुशिमा-केन मध्ये.

केनचं नाव आणि राजधानीचं नाव वेगळं कुठे असतं?

बऱ्याच ठिकाणी. आइचि-केनची नागोया, ह्योगोची कोबे, मियागीची सेंदाइ, इशिकावाची कानाझावा, कानागावाची योकोहामा, शिमानेची मात्सुए, एहिमेची मात्सुयामा. कानाझावा आणि कानागावा एक समजू नका, एक पश्चिम किनाऱ्यावर आणि एक तोक्योला लागून.

कांतो, कान्साई, तोहोकु हे पण प्रांत का?

हे चिहो, म्हणजे आपलं कोकण, विदर्भ, मराठवाडा. बोलण्यात, हवामानाच्या बातम्यांत, शाळेच्या पुस्तकात असतात, पण त्यांचं सरकार नाही आणि पत्त्यात लिहायचे नाहीत. चुगोकु नावाचा एक भाग आहे, हिरोशिमा-ओकायामाचा पट्टा, ते लिहायला चीन देशाच्या नावासारखंच आहे, बातमी वाचताना संदर्भ बघा.

पुणे-ओकायामा, मुंबई-योकोहामा हे काय आहे मग?

मुंबई आणि योकोहामा-शि 1965 पासून शिमाइ तोशि, म्हणजे बहिणी-बहिणी शहरं. महाराष्ट्र राज्याचा करार झाला तो वाकायामा-केनशी, 2013 मध्ये. बघा, शहराची जोडी शिशी, राज्याची केनशी. पुणे-ओकायामाचं म्हणाल तर, पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्यावरून बेतलं ते कोराकुएन ओकायामा-केन, ओकायामा-शि, किता-कु मध्ये आहे. तोक्योत कोराकुएन नावाचं स्टेशन आहे आणि बाजूला कोइशिकावा कोराकुएन बाग पण आहे, ती वेगळी. पुण्याहून आलेल्या काकांना तीच दाखवून "हीच ती" म्हणणारे मी पाहिलेत, असं करू नका, मूळ बाग बघण्यासारखी आहे, त्यांना ओकायामाला न्या.

घर घेतल्यावर कुठल्या ऑफिसात जायचं, केनच्या की शिच्या?

रोजची सगळी कामं खालच्या पायरीवर. शि असेल तर शियाकुशो, कु असेल तर कुयाकुशो, माचि-मुरा असेल तर याकुबा. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत तिथे जाऊन पत्ता नोंदवायचा, रेसिडेन्स कार्डच्या मागे ते पत्ता लिहून देतात. दुसऱ्या शि मध्ये शिफ्ट होताना आधी जुन्या ठिकाणी निघाल्याची नोंद, मग नव्या ठिकाणी आल्याची. रहिवासी कर 1 जानेवारीला तुमचा पत्ता जिथे असेल तिथला लागतो, फेब्रुवारीत घर बदललं तरी त्या वर्षाचं बिल जुन्या गावाकडूनच येणार, ते बघून घाबरून फोन करू नका.

आईला घरून दिवाळीचा फराळ पाठवायचाय, पत्ता कसा लिहायला सांगू?

जपानीत मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, आधी सात आकडी पिनकोड, मग तो-दो-फु-केन, शि, कु, वस्ती, आकडे, शेवटी नाव. तोक्यो सरकारच्या मुख्य ऑफिसचा पत्ता बघा, 163-8001, तोक्यो-तो, शिंजुकु-कु, निशि-शिंजुकु 2-8-1. यातला 2 म्हणजे च्योमे, वस्तीचा दुसरा भाग, 8 म्हणजे त्यातला ठोकळा, 1 म्हणजे इमारत. रस्त्याचं नाव कुठेच नाही कारण बहुतेक रस्त्यांना नाव नसतं. (क्योतो वेगळं, तिथे रस्त्यांचं नाव सांगून आगारु म्हणजे उत्तरेला, सागारु म्हणजे दक्षिणेला असं लिहितात. साप्पोरो तर चौकटीच्या वहीसारखं, उत्तर 1 पश्चिम 2.)

आईला सांगा, इंग्रजी अक्षरांत लिहिताना उलटा क्रम चालतो, नाव वर आणि खाली जपान, पण तो-शि-कु या शेपट्या तशाच ठेवायच्या, त्यांचं भाषांतर करायचं नाही. पिनकोड आणि फोन नंबर ठळक. आणि इमारतीच्या नावापुढे खोलीचा नंबर विसरायचा नाही, माझ्या पहिल्या दिवाळीला तो राहिला होता आणि चकल्यांचा डबा परत पुण्याला गेला.